दोन कुत्रे, एक घर : भांडण अचानक का पेटते?

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने कुत्र्यांच्या भांडणावर लेख लिहावा, याचे तुम्हाला नवल वाटेल. मलाही ते आधी वाटलेच होते. पण गेल्या वर्षी आमच्या घरात एक प्रसंग घडला, आणि त्यामुळे या विषयाकडे पाहणे मला भाग पडले.

माझे थोरले बंधू गिरगावातल्या एका चाळीत राहतात. दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी, आणि घरात माणसे चार. त्यांच्याकडे मोत्या नावाचा गावठी कुत्रा आठ वर्षांपासून आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने पावसात भिजलेले एक पिल्लू घरी आणले. त्याचे नाव शेरू. पहिले वर्षभर दोघांचे उत्तम जमले. मोत्याच्या शेपटीला शेरू लोंबकळायचा, मोत्या ते सहन करायचा. शेरू दीड-दोन वर्षांचा झाला आणि कुरबुरी सुरू झाल्या. आधी गुरगुर, मग अंगावर धावून जाणे. तरीही घरच्यांना वाटे, चालायचेच, दोन भावंडे भांडतात तशी ही भांडतात.

मग अनंत चतुर्दशीचा दिवस आला. गिरगाव चौपाटीकडे जाणाऱ्या मिरवणुकांचे ढोल-ताशे सकाळपासून चालू होते. दुपारी पाहुणे आले, वहिनीने दार उघडले. दोन्ही कुत्रे एकदमच उंबरठ्याकडे धावले आणि क्षणार्धात एकमेकांना भिडले. त्यांना सोडवायला वहिनीने हात घातला, आणि तिच्या मनगटाला खोल चावा बसला. कोणाचे दात लागले, ते तिलाही सांगता आले नाही.

त्या रात्री दादा म्हणाला, "आता पुरे झाले. दोघांतला एक गावी पाठवायचा." पुतण्या नववीत आहे. त्याला रडू फुटले. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, काहीच कारण नव्हते. पाच मिनिटांपूर्वी दोघे शेजारी झोपले होते. कारण नसताना अचानक असे कसे होते?"

'कारण नसताना अचानक' हे त्याचे शब्द माझ्या मनात घर करून राहिले. निसर्गात कारणावाचून काही घडत नाही. पण अचानक मात्र पुष्कळ गोष्टी घडतात. या अचानकपणाचा विचार गणितज्ञांनीही केला आहे, आणि गंमत म्हणजे त्यासाठी त्यांनी उदाहरण घेतले होते ते कुत्र्याचेच!

राग आणि भीती

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९७३ साली कार्ल फॉन फ्रिश आणि निको टिनबर्गन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लोरेन्झ यांचे एक निरीक्षण असे की, कुत्र्याच्या आक्रमक वागण्यामागे दोन निरनिराळ्या प्रेरणा असतात. एक राग आणि दुसरी भीती. या दोन्हींच्या खुणा त्याच्या चेहऱ्यावर वेगवेगळ्या उमटतात. राग तोंडावर दिसतो. ओठ वर ओढले जातात, दात दिसू लागतात. भीती कानांवर दिसते. कान मागे जाऊन डोक्याला चिकटतात.

आता नीट विचार करा. कुत्रा फक्त रागावलेला असेल, तर तो हल्ला करण्याचा संभव अधिक. फक्त घाबरलेला असेल, तर तो पळून जाण्याचा संभव अधिक. दोन्ही नसेल, तर तो स्वस्थ बसेल. पण एकाच वेळी तो खूप रागावलेला आणि खूप घाबरलेलाही असेल तर?

राग हल्ल्याकडे ओढतो आणि भीती पळण्याकडे, तेव्हा दोन्ही एकमेकांना छेद देतील आणि कुत्रा मधल्यामध्ये स्वस्थ उभा राहील, असे कोणालाही वाटेल. समान आणि विरुद्ध बलांची बेरीज शून्य, हे आपण शिकलेलोच असतो. पण कुत्र्याच्या बाबतीत नेमके उलटे घडते. राग आणि भीती दोन्ही जास्त असताना तो स्वस्थ राहण्याचा संभव सर्वांत कमी असतो. तो एक तर तुटून पडतो किंवा पळत सुटतो. मधली अवस्था जवळजवळ नाहीशी होते.

विजेच्या दिव्याचे बटण घ्या. ते अगदी सावकाश दाबत चला. बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग 'टक्' असा आवाज होऊन ते पलीकडे पडते. ते मध्येच अर्धवट राहू शकत नाही, कारण आतली स्प्रिंग त्याला तसे राहू देत नाही. त्याच्या स्थिर अवस्था दोनच. रागावलेला आणि घाबरलेला कुत्रा हा अशा बटणासारखा असतो.

झीमन यांचा नकाशा

ही कल्पना गणिताच्या भाषेत मांडली ती ब्रिटिश गणितज्ञ क्रिस्टोफर झीमन यांनी. रेने टॉम या फ्रेंच गणितज्ञाने १९७२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. परिस्थिती सावकाश बदलत असताना तिचा परिणाम मात्र एकाएकी कसा बदलतो, याचे गणित त्यात होते. पुढे हा विषय 'कॅटॅस्ट्रॉफी थिअरी' या नावाने गाजला. आपण त्याला 'उलथापालथीचा सिद्धांत' म्हणू. झीमन यांनी १९७६ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यावर लेख लिहिला, आणि त्यात लोरेन्झ यांच्या कुत्र्याचे उदाहरण घेतले.

आपण तो नकाशा कागदावर काढू या. आडव्या अक्षावर भीती मोजा, उभ्या अक्षावर राग. कागदावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे कुत्र्याची एक मनःस्थिती. डावीकडे वरचा कोपरा म्हणजे राग फार, भीती नाही; येथे हल्ला ठरलेला. उजवीकडे खालचा कोपरा म्हणजे भीती फार, राग नाही. येथे पलायन ठरलेले. आता कागदाच्या मध्याजवळ एक टिंब द्या आणि तेथून उजवीकडे वरच्या कोपऱ्याच्या दिशेने, म्हणजे राग आणि भीती दोन्ही वाढतात त्या दिशेने, रुंदावत जाणारी एक पाचर काढा. तिचे टोक टिंबावर असेल.

या पाचरीच्या आतल्या प्रत्येक बिंदूला दोन वर्तने शक्य आहेत : हल्ला किंवा पलायन. त्यांपैकी कोणते घडेल, हे कुत्रा त्या बिंदूशी कोठून आला यावर अवलंबून असते. समजा, कुत्रा रागाच्या बाजूने आला. त्याची भीती हळूहळू वाढत चालली आहे. पाचरीची पहिली कड ओलांडली तरी त्याचे वागणे बदलत नाही, तो हल्ल्याच्याच पवित्र्यात राहतो. दुसरी कड ओलांडताच मात्र तो एकदम शेपूट घालून पळतो. उलट, भीतीच्या बाजूने आलेला कुत्रा पाचरीत शिरूनही मागेमागेच सरकत राहतो, आणि रागाकडची कड ओलांडताक्षणी एकदम झडप घालतो. कोपऱ्यात सापडलेला भित्रा कुत्रा अवचित चावतो, तो असा.

जाताना ज्या जागी उडी पडते, त्याच जागी परतताना ती पडत नाही, हे ध्यानात आले ना? अकरावी-बारावीत तुम्ही चुंबकत्व शिकाल, तेव्हा हीच गोष्ट पुन्हा भेटेल. पोलादाच्या तुकड्याभोवती तार गुंडाळून विजेचा प्रवाह सोडला की तो चुंबक बनतो. प्रवाह शून्यावर आणला तरी चुंबकत्व शून्य होत नाही. ते घालवायला प्रवाह उलट्या दिशेने सोडावा लागतो. या गुणाला हिस्टेरेसिस म्हणतात. पोलाद आपला पूर्वेतिहास विसरत नाही, असे म्हणा ना.

एक प्रयोग

झीमन यांनी ही उडी डोळ्यांना दिसावी म्हणून एक साधे यंत्र बनवले होते. तुम्हीही ते अर्ध्या तासात करू शकाल.

जाड पुठ्ठ्याची ५ सेंटिमीटर व्यासाची चकती कापा. लाकडी फळीवर तिच्या मध्यातून टाचणी मारून ती सैल फिरेल अशी बसवा. चकतीच्या कडेला दुसरी टाचणी खोचा. न ताणता सुमारे ५ सेंटिमीटर लांबीची दोन सारखी रबर बँडे घ्या आणि दोन्हींचे एक-एक टोक कडेच्या टाचणीत अडकवा. चकतीच्या मध्यापासून १० सेंटिमीटर अंतरावर फळीत एक खिळा ठोका आणि पहिल्या रबर बँडचे दुसरे टोक त्यात अडकवा. दुसऱ्या रबर बँडच्या मोकळ्या टोकात पेन्सिल घाला आणि ती खिळ्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, मध्यापासून साधारण ९ ते १० सेंटिमीटरवर धरा.

आता पेन्सिल त्याच अंतरावर सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. चकती थोडीथोडी वळेल. पेन्सिल मध्यरेषा ओलांडील, तरी कडेची टाचणी डावीकडेच राहील. आणखी थोडे पुढे गेलात की चकती एकदम फिरून टाचणी उजवीकडे जाईल. उडी पडली त्या जागी खूण करा. आता पेन्सिल उजवीकडून डावीकडे परत आणा. त्या खुणेपाशी काहीच होणार नाही! उडी पडेल ती मध्यरेषेच्या पलीकडे, दुसऱ्याच जागी. या दोन खुणांमधला पट्टा म्हणजे आपली पाचर. तुमचा हात सावकाश हलत होता, चकती मात्र झटक्याने फिरली. माझ्या पुतण्याने हा प्रयोग केला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे दार उघडले हे कारण नव्हतेच. दार उघडणे हा शेवटचा मिलिमीटर होता."

अगदी बरोबर. सकाळपासूनचे ढोल, घरातली धावपळ, चुकलेले फिरणे, फराळाचा वास, पाहुण्यांची चाहूल, या प्रत्येकाने पेन्सिल थोडीथोडी सरकवली होती. दाराने फक्त कड ओलांडायला लावली.

मंडपातली शिट्टी

येथवर आपण एकाच कुत्र्याचा विचार केला. पण घरात दोघे आहेत, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत असतो.

लालबागच्या किंवा गिरगावच्या कोणत्याही मंडपात कार्यकर्ता मायक्रोफोन घेऊन लाउडस्पीकरसमोर गेला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. ती कशी? मायक्रोफोनमध्ये शिरलेला बारीक आवाज मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो, तो पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो, आणि हे चक्र चालूच राहते. एका फेऱ्यात आवाज मूळच्यापेक्षा मोठा होऊन परत येत असेल तर तो वाढतच जातो; लहान होऊन परत येत असेल तर विरून जातो. याला पुनर्भरण म्हणतात.

दोन कुत्र्यांमध्ये हेच घडते. मोत्या ताठरतो, ते पाहून शेरू रोखून पाहतो, ते पाहून मोत्या गुरगुरतो, त्याने शेरूची भीतीही वाढते आणि रागही. पाहता पाहता दोघेही पाचरीत जाऊन पोचतात. आणि घरातली माणसे घाबरून ओरडू लागली, तर तिसरा लाउडस्पीकर सुरू होतो.

मंडपातली शिट्टी थांबवायला शहाणा कार्यकर्ता काय करतो? मायक्रोफोनवर ओरडत नाही. तो मायक्रोफोन स्पीकरपासून दूर नेतो किंवा आवाज कमी करतो. कुत्र्यांच्या बाबतीतही पहिले औषध तेच : अंतर.

'सरदार कोण' हा जुना समज

शेजारपाजाऱ्यांनी दादाला बरेच सल्ले दिले होते. "त्यांना ठरवू द्या सरदार कोण ते, मग आपोआप गप्प बसतील." "धाकट्याला जमिनीवर उताणा पाडून दाबून धरा." "दोन रट्टे द्या." या सल्ल्यांचे मूळ जुन्या संशोधनात आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कळपात वरच्या जागेसाठी सतत झगडा चालतो, असे चित्र त्यातून निघाले. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या पुस्तकाने ते जगभर पसरले. पण बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेले लांडगे वेगळे आणि रानातले वेगळे. पुढे मेक यांनी स्वतःच रानातल्या लांडग्यांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले, आणि १९९९ साली लिहिले की, लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिले यांचे कुटुंब असते. तेथे सरदारकीची लढाई क्वचितच होते. आपलेच जुने मत मागे घेणे हे शास्त्रज्ञाचे मोठेपण होय.

मारण्याचा सल्ला आपल्या नकाशावर ठेवून पाहा. मार बसला की भीती वाढते. राग काही कमी होत नाही. म्हणजे बिंदू उजवीकडे, पाचरीच्या आत सरकतो. पाचर तर पुढे पुढे रुंद होत जाते, आणि जितके आत जावे तितकी उडी मोठी. शिवाय मार खाताना कुत्र्याला समोर दिसतो तो दुसरा कुत्रा. दुःख आणि दुसरा कुत्रा यांची गाठ त्याच्या मनात पक्की बसते. गुरगुरल्याबद्दल वारंवार मार बसला, तर तो एखादे वेळी गुरगुरणेच सोडून देतो आणि इशारा न देता चावतो. धोक्याची घंटा काढून टाकली म्हणून आग लागायची थांबत नाही.

आम्ही काय केले?

दादाने दोन महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात घर सुरक्षित झाले नाही, तर शेरू गावी जाणार, हे ठरले.

पहिली गोष्ट, आम्ही परळला जाऊन दोघांना पशुवैद्यांना दाखवले. परळ हे या बाबतीत मुंबईचे माहेरघर म्हणावे लागेल. एकोणिसाव्या शतकात सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिलेले बाई साकरबाई रुग्णालय तेथे आहे. जुने मुंबईकर त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच आहे. तपासणीत कळले की मोत्याच्या मागच्या पायांचे सांधे दुखत होते. शेरू खेळताना अंगावर उडी मारी, तेव्हा मोत्याला कळ येत असणार. दुखणारा प्राणी चिडका होतो, हे आपल्या दाढदुखीवरून कोणालाही पटेल. पूर्वी गुण्यागोविंदाने राहणारे कुत्रे एकाएकी भांडू लागले, तर आधी डॉक्टरांकडे जावे. मोत्याला औषध सुरू झाले. डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढे शेरूचे निर्बीजीकरणही केले. मात्र निर्बीजीकरणाने सगळेच प्रश्न सुटत नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केले होते.

दुसरी गोष्ट, पुतण्याने वही केली. वेळ, जागा, आधी काय घडले, दोघांत अंतर किती, कोणाचे कान कसे, तोंड कसे. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झाले. बहुतेक कुरबुरी तीन ठिकाणी होत होत्या : दाराच्या उंबरठ्यावर, स्वयंपाकघराच्या तोंडाशी, आणि दादा कामावरून येऊन खुर्चीत बसला की त्याच्या पायाशी. म्हणजे चिंचोळी जागा, अन्न आणि मालकाचे लक्ष. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एकाच घरात भांडणाऱ्या कुत्र्यांच्या ३८ जोड्या तपासल्या होत्या. तेथेही मालकाचे लक्ष, अन्न आणि उत्तेजना हीच भांडणाची नेहमीची निमित्ते आढळली. बहुसंख्य जोड्या नर-नर किंवा मादी-मादी अशा होत्या, आणि कुरापत काढणारा बहुधा वयाने लहान किंवा घरात मागाहून आलेला असे. गिरगावची चाळ आणि अमेरिकेतले बंगले यांत याबाबत फारसा फरक नाही तर!

तिसरी गोष्ट, अंतर. दोन खोल्यांत अंतर आणायचे कोठून? सुताराकडून स्वयंपाकघराच्या दाराला कमरेइतके उंच जाळीचे फाटक करून घेतले. दोघांचे खाणे फाटकाच्या दोन बाजूंना, एकमेकांना दिसणार नाही असे. खाणे झाले की भांडी लगेच उचलायची. हाडे आणि खेळणी जमिनीवर पडू द्यायची नाहीत. प्रत्येकाला स्वतःची चटई. दारावर थाप पडली की आधी दोघांना आपापल्या चटईवर पाठवायचे, मगच कडी काढायची. पहिले पंधरा दिवस तर दोघांना आळीपाळीनेच मोकळे सोडले. हिस्टेरेसिसचा धडा येथे कामी आला. भांडण ज्या अंतरावर पेटले, त्याच अंतरावर दुसऱ्या दिवशी दोघांना समोरासमोर आणून 'आता मिटले असेल' असे म्हणणे चुकीचे. मागे यायचे तर पेन्सिल बरीच मागे न्यावी लागते. शरीरातही असेच असते. भांडणाच्या वेळी रक्तात मिसळलेल्या संप्रेरकांचा परिणाम काही मिनिटांत ओसरत नाही, आणि आठवण तर त्याहून कितीतरी जास्त टिकते.

चौथी गोष्ट, नवी गाठ बांधणे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांचे प्रयोग तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असतील. अन्नाबरोबर ठरावीक खूण पुनःपुन्हा दिली, तर पुढे नुसत्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. हीच युक्ती उलटी वापरायची. दुसरा कुत्रा दिसला की दुःख, अशी जी गाठ बसली आहे, तिच्या जागी दुसरा कुत्रा दिसला की खाऊ, अशी गाठ बसवायची. पहाटे रस्ते मोकळे असताना दादा मोत्याला आणि पुतण्या शेरूला घेऊन निघे. दोघे समोरासमोरच्या पदपथांवर, एकाच दिशेने चालत. शेरूने पलीकडे पाहिले आणि तो शांत राहिला की पोळीचा एक तुकडा. मोत्यालाही तसेच. कोणी ताठरला, तर ओरडायचे नाही, अंतर वाढवायचे. आठवडा नीट गेला तरच अंतर दोन पावलांनी कमी. महिन्याभराने दोघे एकाच पदपथावर, मध्ये दोन माणसे, असे चालू लागले.

इशारे ओळखा, हात घालू नका

कड जवळ आली हे ओळखायला शिकणे सर्वांत महत्त्वाचे. अंग ताठ होणे, हालचाल एकदम थांबणे, एकटक रोखून पाहणे, तोंड घट्ट मिटणे, दुसऱ्याच्या मानेवर मान टाकणे, वाट अडवून आडवे उभे राहणे, या खुणा गुरगुरीच्याही आधी येतात. अशा वेळी हळूच आनंदी आवाजात हाक मारून एकाला दुसऱ्या खोलीत न्यावे. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, हेही नेहमी खरे नसते. ताठ उभी, वरच्या वर थरथरणारी शेपूट तणावाची असू शकते.

आणि भांडण पेटलेच, तर मध्ये हात घालू नका. मुलांनी तर मुळीच जवळ जाऊ नये. मोठ्यांना बोलवावे. मोठ्यांनी दोघांच्या मध्ये फळी, पाट किंवा उशी सरकवावी, जाड चादर टाकावी, पाण्याची बादली ओतावी. भांडणाऱ्या कुत्र्याला त्या क्षणी कोणाचा हात ते कळत नाही. वहिनीवर मोत्या किंवा शेरू यांचा राग नव्हता. पाचरीच्या आत असताना जे तोंडाशी आले, ते चावले गेले.

चावा बसलाच, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने सुमारे १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. हळद, चुना, मिरची असले काहीही लावू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. पण वेळीच लस घेतली तर तो टाळता येतो. पूर्वी पोटात घ्यावी लागणारी १४ इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत. आता मोजक्याच सुया, आणि त्याही दंडावर घेतात. जखम खोल असेल तर डॉक्टर जखमेतच आणखी एक औषध टोचतात. घरच्या कुत्र्यांना दरवर्षी लस टोचलेली असली, तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून आपले आपण काही ठरवू नये. वहिनीने हे सगळे त्याच दुपारी केले.

सिद्धांताची मर्यादा

या लेखातला नकाशा पाहून कोणी असे समजू नये की कुत्र्याचे मन दोन अक्षांत मावते. १९७८ साली सुसमन आणि झालर या दोघांनी या सिद्धांतावर कडक टीका केली. राग किती आणि भीती किती, हे आकड्यांत मोजता येत नसेल, तर हा नकाशा खरा की खोटा हे पडताळून कसे पाहणार, असा त्यांचा सवाल होता. तो रास्त आहे. पाचरीची कड नेमकी कोठे आहे, हे झीमन यांचा नकाशा सांगू शकत नाही. पण कोणत्या दिशेला जाऊ नये, हे तो सांगतो. दऱ्याखोऱ्यांच्या प्रदेशात नुसत्या हाताने काढलेला नकाशाही कधी कधी जीव वाचवतो.

आणि हेही सांगितले पाहिजे की, सगळ्याच जोड्या जुळत नाहीत. काही घरांत सगळे उपाय करूनही भांडणे रक्तबंबाळ होतात. अशा वेळी एका कुत्र्याला चांगले, जबाबदार घर शोधून देणे हा पराभव नव्हे.

दादाची मुदत संपली त्या दिवशी पुतण्याने वही त्याच्या हातात ठेवली. शेवटच्या तीन आठवड्यांत एकदाही दातावर गोष्ट गेली नव्हती. दादाने वही चाळली, मिटली आणि म्हणाला, "फाटक मात्र काढायचे नाही." ते अजून आहे. मोत्या आणि शेरू पूर्वीसारखे एकमेकांना टेकून झोपत नाहीत. दोन चटयांच्या मध्ये चार हात जागा सोडून झोपतात. यंदा मिरवणुकीच्या दिवशी दोघांना सकाळीच लांब फिरवून आणले, खिडक्या लावल्या, आणि एक फाटकाच्या अलीकडे, एक पलीकडे ठेवला. दुपारी पाहुणे आले. वहिनीने दोघांना चटईवर पाठवले, थोडी थांबली, आणि मग कडी काढली.

तुमच्या घरी किंवा शेजारी दोन कुत्रे असतील, तर एक वही करा. आठवडाभर नुसते पाहा आणि लिहा. 'कारण नसताना' हे शब्द त्या वहीत एकदाही लिहायचे नाहीत, एवढा एकच नियम पाळा.